झोप कुणाची, शांतता कुणासाठी?

(सोलापुरात वस्तीपातळीवर काम करणाऱ्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

शिबिराच्या संयोजक बहिणींनी मला ‘स्त्रिया आणि मानसिक आरोग्य’ या विषयावर बोलायला सांगितलं. विषय मोठा आहे. मी त्यातला एक लहानसा धागा उचलणार आहे, कारण वस्तीत गेल्यावर माझ्यासमोर तोच सगळ्यात जास्त वेळा येतो. बैठक संपते, बायका उठतात, चपला घालतात, आणि दारापाशी एखादी हळूच विचारते, “ताई, झोपेवर काही आयुर्वेदिक असलं तर सांगा ना.”

आपल्या शहरात हा प्रश्न चार भाषांतून येतो. मराठीत झोप, तेलुगूत निद्र, कन्नडमध्ये निद्दे, उर्दूत नींद. पण तक्रार एकच. “काळीज धडधडतं.” “जीव घाबरा होतो.” “पाठ टेकली की डोक्यात चाक फिरायला लागतं.” “अडीचला डोळा उघडतो तो उघडाच.” चिंताविकार हा शब्द एकही बाई वापरत नाही. ती झोप मागते. आणि गोळी मागत नाही, डॉक्टर मागत नाही, आयुर्वेदिक काही मागते. अलीकडे तर नावही घेते, अश्वगंधा. मेडिकल दुकानात डबे आहेत, मोबाइलवर जाहिराती आहेत, काही ठिकाणी बचत गटातल्या बायकांनाच विकायला डबे दिले जातात. तेव्हा या अश्वगंधेबद्दल आपण कार्यकर्त्या म्हणून काय भूमिका घ्यायची, हे मला आज तुमच्यासमोर मांडायचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. जी बाई चूर्ण मागते तिला हसायचं नाही, तिला अडाणी म्हणायचं नाही. मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते तेव्हा आम्हाला शिकवलं होतं की रोग्याला योग्य सेवेकडे पाठवावं. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात बाई सिव्हिलच्या मानसोपचार विभागाच्या दारात उभी राहिली की नात्यातलं कुणीतरी तिला बघतं, आणि संध्याकाळपर्यंत ती ‘वेडी’ ठरते. मग तिचं बोलणं कुणी मोजत नाही. घर कुणाच्या नावावर, मुलं कुणाकडे, या भांडणात हाच शब्द तिच्याविरुद्ध वापरला जातो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की चिंता, उदासी अशा सामान्य मानसिक आजारांच्या शंभरपैकी सुमारे पंच्याऐंशी जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. अशा परिस्थितीत चूर्णाचा डबा स्वयंपाकघरात इतर डब्यांत खपून जातो. त्याला चिठ्ठी लागत नाही, त्याने नाव खराब होत नाही, एक दिवसाची मजुरी बुडत नाही. तिने केलेली निवड तिच्या परिस्थितीत शहाणपणाचीच आहे. म्हणूनच त्या डब्यात काय आहे हे तिला नीट कळणं हा तिचा हक्क आहे.

तर अश्वगंधा म्हणजे काय? आपल्याकडे तिला आस्कंद किंवा ढोरगुंज म्हणतात. कोरड्या रानात, बांधाला, पडीक जागेत हे झुडूप उगवतं. कागदासारख्या पातळ आवरणात लाल फळ असतं. औषधात मूळ वापरतात. ओल्या मुळाला घोड्यासारखा वास येतो म्हणून हे नाव. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौर भागात तिची मोठी शेती होते आणि तिथूनच बराच माल बाजारात येतो. शास्त्रीय नावातला ‘सोम्निफेरा’ हा शब्दच झोप आणणारी अशा अर्थाचा आहे. चरकसंहितेत मात्र ती मुख्यत्वे बळ देणाऱ्या आणि शरीर भरून आणणाऱ्या वनस्पतींच्या गणांत येते. म्हणजे थकलेल्या, झिजलेल्या शरीराची ही वनस्पती आहे. आपल्या बायका नेमक्या तशाच आहेत, हे वेगळं सांगायला नको.

ती उपयोगी पडते का? गेल्या काही वर्षांत मुळाच्या अर्कावर बरेच लहान लहान अभ्यास झाले. त्यांतल्या अनेकांत ताण थोडा कमी झाला, झोप थोडी सुधारली असं दिसलं. पण बहुतेक अभ्यासांत माणसं थोडी होती आणि ते दोन-तीन महिन्यांच्या आतले होते. वर्षानुवर्षं घेतलं तर काय होतं, हे त्यांतून कळत नाही. शिवाय त्यांत प्रमाण ठरवलेला अर्क होता, आणि आपल्या हातात येतं ते चूर्ण. दोन्ही एकच नव्हेत. त्यामुळे ‘काहीच उपयोग नाही’ हेही खरं नाही आणि डब्यावर लिहितात तसं ‘चिंता मुळापासून नष्ट’ हे तर अजिबात खरं नाही. काही जणींना काही काळ थोडी मदत होऊ शकते, इतकंच म्हणता येईल.

आता अपाय. पुष्कळ जणींना पोट बिघडणं, जुलाब, मळमळ, दिवसा सुस्ती येणं एवढ्यावर भागतं. पण क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, असं काही दिसलं तर चूर्ण त्याच दिवशी बंद करून दवाखाना गाठायचा. गरोदर बाईने ते घेऊ नये. अंगावर पाजणारीने वैद्याला किंवा डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर विशेष जपायचं, कारण अश्वगंधेने थायरॉइडची पातळी बदलू शकते. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर त्यांचा परिणाम वाढू शकतो. आणि झोपेच्या गोळीबरोबर घेतलं तर गुंगी वाढते. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. ती टोकाची वाटेल, पण दुसऱ्या टोकाला आपण आहोत, जिथे कुणीच कुणाला काही विचारत नाही. आपल्या आयुष मंत्रालयानेही २०२१ मध्ये उत्पादकांना अश्वगंधेची पानं वापरू नका असं कळवलं होतं, कारण परंपरेने आणि ग्रंथांनी सांगितलेला वापर मुळाचा आहे.

चूर्णाच्या बाबतीत आणखी एक लहान वाटणारी गोष्ट आहे. सगळे सांगतात, रात्री कोमट दुधातून घ्या. मी एका बाईला विचारलं, कशातून घेता? म्हणाली, पाण्यातून. घरात अर्धा लिटर दूध येतं, चहाला जातं, उरलं तर नातवाला. औषध तिच्या नावाचं, दूध मात्र तिच्या वाट्याचं नाही. औषधयोजनेच्या आड घरातली उतरंड अशी उभी असते.

‘झाडपाल्याचं काही बाधत नाही’ असं आपण सहज म्हणतो. या वाक्याबद्दल थोडं बोलू या, कारण त्याला उत्तर द्यायला महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे. सर्पगंधा नावाची वनस्पती आपल्याकडे फार पूर्वीपासून भ्रम, उन्माद, झोप न येणं यांवर देत. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याबद्दल लिहिलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरच्या तिच्या उपयोगाचा लेख छापला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तिच्यातलं रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. काही वर्षं ते रक्तदाबावर आणि मानसिक आजारांवर जगभर दिलं गेलं. मग नोंदी येऊ लागल्या की ते घेणारे काही रोगी शांत तर होतात, पण खोल उदासीत जातात, काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. पुढे त्याचा वापर मागे पडला.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. ज्या मुळात गुण आहे त्याच मुळात अपायही असू शकतो. वनस्पती परिणाम करते म्हणूनच तिला जपून वापरायचं. आणि दुसरी गोष्ट आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. बाहेरून शांत दिसणं आणि आतून बरं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डब्याबद्दलही बोलायला हवं. २००८ साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली. इंटरनेटवरून विकली जाणारी, भारतात आणि अमेरिकेत बनलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली, तर सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिसं गरोदर बाईला आणि पोटातल्या बाळाला फार घातक. सुटं, बिनलेबलचं, ‘खास आमच्या घराण्याचं’ असं चूर्ण म्हणूनच घ्यायचं नाही. ज्यात एका रात्रीत गुंगी येते अशा चूर्णाबद्दल तर शंकाच घ्यायची, कारण आयुर्वेदिक म्हणून विकलेल्या भुकटीत अ‍ॅलोपॅथीची औषधं मिसळल्याचं वेळोवेळी उघड झालेलं आहे. डब्यावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, मुदत, घटक आणि त्यांचं प्रमाण बघायला बायकांना शिकवू या. आक्षेपार्ह औषध-जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ पासून आहे. मासिक पाळीच्या तक्रारी, स्त्रियांचे आजार अशा नावांखाली हमखास इलाजाची जाहिरात करायला त्यात मनाई आहे. तरी आपल्या रिक्षांच्या पाठीवर काय काय छापलेलं असतं ते तुम्ही रोज वाचता.

आता मला तुम्हाला थोडं मागे न्यायचं आहे, थेट चरकाकडे. आयुर्वेदाच्या नावाने डबा विकणारे चरक सांगत नाहीत, म्हणून आपण सांगू. आहार आणि झोप यांना चरकसंहितेत शरीराच्या आधारस्तंभांत गणलेलं आहे. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात झोपेचं विवेचन आहे. सुख-दुःख, पुष्टी आणि कृशता, बळ आणि दुर्बळता, हे सगळं झोपेवर अवलंबून असल्याचं तिथे म्हटलंय. झोप जाण्याच्या कारणांत चिंता, भय, क्रोध येतात, आजार येतो, वात येतो. आणि कार्य, म्हणजे काम, हेही कारण तिथे आहे. आणि उपाय काय सांगितलेत? अंगाला तेल लावून घेणं, स्नान, दूध, तूप, भात, डोक्याला तेल, कानाला आवडणारे शब्द, मनाला सुख, चांगलं अंथरूण, चांगलं घर आणि योग्य वेळ.

मैत्रिणींनो, ही यादी पुन्हा एकदा मनात वाचा. घर. अंथरूण. वेळ. तूप-दूध. गोड शब्द. कुणीतरी आपल्या डोक्याला तेल लावणं. आपल्या बायका आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोक्याला तेल लावतात. त्यांच्या डोक्याला कुणी लावलं? ही यादी बाजूला ठेवून फक्त डबा हातात देणं हा खरं तर आयुर्वेदही नव्हे.

सोलापुरातल्या विडी कामगार बाईची रात्र बघा. दिवसभर मांडीवर सूप घेऊन ती विड्या वळते. हजार विड्या वळायच्या तर पाठ, मान, बोटं यांना उसंत नाही. कारखान्यात माल द्यायचा, त्यातल्या काही विड्या बाद होतात, त्यांची मजुरी जाते. घरी येऊन स्वयंपाक, भांडी, आणि रात्री उद्याच्या विड्यांसाठी पानं कातरून ओल्या फडक्यात ठेवायची. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या बिनमोल कामाला बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देते आणि पुरुष ८८ मिनिटं, असा हिशेब निघाला. हे घरातलं काम, विड्या त्याच्याशिवाय.

त्यात तंबाखू. तंबाखूची भुकटी श्वासातून आणि कातडीतून अंगात जाते. विडी कामगारांच्या लघवीत निकोटिनचे अंश सापडतात हे रजनी भिसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून पुढे आलेलं आहे. निकोटिन हे उत्तेजक आहे, ते झोप मोडतं. वर आपल्यापैकी कितीजणी रात्री झोपताना मिश्री लावतात? दात दुखतो म्हणून सुरू झालेली मिश्री पुढे सुटत नाही. झोपताना मिश्री, वर चहा, आणि मग झोपेसाठी चूर्ण! मी विचारते तेव्हा बायका हसतात, पण मिश्री आणि झोप यांचा संबंध त्यांना आजवर कुणी सांगितलेला नसतो.

अंगात रक्त कमी असेल तर रात्री पाय वळवळतात, ओढल्यासारखे होतात, झोप लागत नाही. लोह कमी पडल्याचं ते लक्षण असू शकतं, आणि त्यावर चूर्ण नाही, रक्ताची तपासणी हवी. चाळिशी-पन्नाशीत पाळी जाताना अंगातून वाफा निघतात, घामाने जाग येते. थायरॉइड वाढलं तर छाती धडधडते. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे असतो, आणि पत्र्याखाली रात्रीसुद्धा भट्टी असते. वर्षानुवर्षं या शहराने चार-चार, पाच-पाच दिवसांआड नळाचं पाणी बघितलं आहे. अवेळी नळ आला की घरातलं कोण उठतं? पुरुष उठतो का?

म्हणून मी म्हणते, घर हेसुद्धा झोपेचं औषध आहे. याच सोलापुरात विडी कामगार बायकांनी लाल बावट्याखाली वर्षानुवर्षं लढून कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत मिळवली. २००६ मध्ये ती घरं ताब्यात मिळाली. पुढे तिथेच रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि २०२४ च्या जानेवारीत त्यांतल्या पंधरा हजार घरांचं वाटप झालं. घराने सगळे प्रश्न सुटतात असं मी म्हणत नाही. कारखाना लांब पडतो, हप्ते असतात, दारू तिथेही पोचते. पण उद्या घरमालक सामान बाहेर काढेल ही भीती गेली की बाईच्या डोळ्याला डोळा लागतो. त्या मोर्च्यांना कुणी आरोग्याची चळवळ म्हटलं नाही. मी म्हणेन.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा विषय घेतला त्याकडे येते. बाईने शांत व्हावं, असं कुणाला वाटतं?

एका घरात सून संध्याकाळी वाद घालते, हिशेब मागते, नवऱ्याच्या दारूबद्दल बोलते. सासरच्यांनी ठरवलं की हिचं डोकं तापतं. कुणीतरी शांत करणारं चूर्ण सुचवलं. सासू रोज रात्री समोर उभी राहून ते पाजते. सून मला म्हणाली, “ताई, मला झोप येते हो. पण माझं भांडण तसंच राहतं.” मैत्रिणींनो, तिला आजार नव्हता. तिला राग होता, आणि रागाला कारण होतं. दुसऱ्या एका घरी नवरा मारायचा. ती रात्री जागी राहायची कारण झोपेत मार बसला तर चुकवता येत नाही. तिची जाग ही तिची राखण होती. तिला गुंगी आणणारं काहीही देणं म्हणजे तिला निःशस्त्र करणं. अशा बाईला अश्वगंधा द्यायची की अ‍ॅलोपॅथीची गोळी द्यायची, हा वादच चुकीचा आहे.

झाडापासून काढलेल्या द्रव्याने गरिबाला शांत करण्याची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या बाळाला अफूची बाळागोळी देऊन जात. सरकारी पाहण्यांत त्याची नोंद आहे. त्या आयांना मूल नकोसं होतं का? मुळीच नाही. बाळ रडलं तर बघायला कुणी नव्हतं, आणि पाळी बुडली तर पोट चालणार नव्हतं. बाबूंनी आणि मडमांनी त्या आयांना अडाणी ठरवलं. पण गोळीवरचं उत्तर उपदेश हे नव्हतंच. पाळणाघर, बाळंतपणाची रजा, कामाचे ठरलेले तास, हे उत्तर होतं. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला, त्यामागे हेच भान होतं. बाळाच्या रडण्याला कारण असतं तसंच बाईच्या न झोपण्यालाही असतं. कारण न शोधता आवाज बंद करणं हे कुठल्याच वैद्यकाचं काम नाही.

मग आपण काय करायचं? मी चार गोष्टी सुचवते, त्यावर नंतर चर्चा करू.

पहिली, चूर्णाचा प्रश्न ही बोलण्याची सुरुवात समजायची. बाईने विचारलं की लगेच नाव सांगायचं नाही आणि नकारही द्यायचा नाही. तिला बाजूला बसवून विचारायचं. कधीपासून झोप नाही? त्या सुमारास घरात काय घडलं? रात्री किती वाजता पाठ टेकते, किती वाजता उठते? मिश्री, तंबाखू, चहा किती? दुसरी कुठली गोळी चालू आहे? दिवस गेलेत का? आणि घरात कुणाची भीती वाटते का? शेवटचा प्रश्न एकांतात, सासू-नवरा जवळ नसताना. हे चूर्ण तुम्हाला हवंय की घरच्यांना, हेही विचारायचं.

दुसरी, धोक्याच्या खुणा ओळखायच्या. जीव नकोसा झाला असं ती म्हणत असेल, बाळंतपणानंतर बाळाकडे बघवत नसेल, कुणी दिसत नसताना आवाज ऐकू येत असतील, चार-चार रात्री झोप नसून उलट अंगात भलताच उत्साह असेल, तर चूर्णाची वाट बघायची नाही. तिच्याबरोबर सिव्हिलला जायचं, तिला एकटीला पाठवायचं नाही. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीत बोलता येतं. घरात मारहाण असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक उपचार मिळणं हा हक्क मानला आहे. हक्क आहे म्हणजे आपण मागायचा.

तिसरी, ज्या बायका आधीच झोपेच्या गोळ्या घेतात त्यांना ‘गोळी सोडा, चूर्ण घ्या’ असं कधीही सांगायचं नाही. महिनोन् महिने घेतलेली गोळी एकाएकी बंद केली तर झोप पार उडते, थरथर सुटते, क्वचित फीटही येते. गोळी कमी करायची ती डॉक्टरच्या सल्ल्याने, हळूहळू. या गोळ्या चिठ्ठीशिवाय देणं कायद्याला धरून नाही, पण दुकानांतून त्या मिळतात, हेही आपल्याला माहीत आहे. कुणाला अश्वगंधा घ्यायचीच असेल तर नोंदणीकृत वैद्याला दाखवून, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्याच्यापुढे ठेवून, ठरावीक मुदतीसाठी घ्यावी. आपल्या शहरात आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथल्या वैद्यांना आपण वस्तीत बोलवू या, डब्यांसाठी नाही, प्रश्नोत्तरांसाठी.

जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार औषधाचा नसावा, हे आता आधुनिक वैद्यकही म्हणतं. झोपेची वेळ बांधणं, पडून राहून तळमळण्यापेक्षा उठून बसणं, मनातल्या भीतीशी बोलायला शिकणं, अशी ती पद्धत आहे. ती गटात शिकता येते. पण वेळ बांधायला बाईकडे वेळ असावा लागतो, म्हणजे पुन्हा घरातल्या कामाच्या वाटणीचा प्रश्न आलाच.

चौथी गोष्ट आपल्या गटांबद्दल. बचत गटांनी अशा डब्यांची विक्री घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. जी बाई विश्वासाने आपल्याला दुखणं सांगते, तिला आपण गिऱ्हाईक करायचं नाही. स्त्रियांच्या चळवळीला झाडपाल्याचं वावडं कधीच नव्हतं. ‘शोधिनी’ गटातल्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या बायकांचं वनस्पतींचं ज्ञान गोळा केलं, पारखलं, आणि १९९७ मध्ये ‘काली फॉर विमेन’ने त्याचं पुस्तक काढलं. त्यांनी बायकांच्या ज्ञानाला मान दिला आणि ते डोळे झाकून स्वीकारलंही नाही. पुण्यात भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये बापू ट्रस्ट उभा केला आणि मानसिक आरोग्याकडे बाईच्या बाजूने बघायला शिकवलं. आपल्यामागे ही वाट आहे. आजीच्या बटव्याची टिंगलही नको आणि त्याचा धंदाही नको.

शेवटी एवढंच सांगते. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एक साधं काम करावं. कितीजणींना झोप लागत नाही, हात वर करायला सांगा. मग का लागत नाही ते एकेकीला बोलू द्या, आणि फळ्यावर लिहा. पाणी, पत्रा, मिश्री, कर्ज, मार, मुलीच्या लग्नाची काळजी, पाळी जाणं, रक्त कमी असणं, जे येईल ते. त्या यादीत काही गोष्टी वैद्याच्या असतील, काही डॉक्टरच्या, काही नवऱ्याशी बोलण्याच्या, काही पोलीस ठाण्याच्या आणि बऱ्याचशा महापालिकेच्या दारात नेण्याच्या असतील. त्या फळ्यासमोर बसल्यावर बाईला पहिल्यांदा कळतं की आपण एकट्याच जाग्या नव्हतो. अश्वगंधा घ्यायची की नाही, हे मग तिचं तिला ठरवू द्या. ती पूर्ण माहितीनिशी ठरवेल.

तुमचे अनुभव ऐकायला मी थांबते.